मीमचा थांबा

“चुकलं कुठं, तेवढं तरी सांगाल का?”

हाफिजजींनी चहाची बशी तोंडाला लावली.

“सकाळपासून ही एकच आयत म्हणतोय मी, हाफिजजी.”

बशी खाली आली.

“फिरून,” हाफिजजी म्हणाले.

इद्रीस साहेबांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि फिरून सुरुवात केली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. आयत अर्ध्याच्या थोडी पुढे गेली असेल नसेल, तोच हाफिजजींच्या हातातली अकीकाची अंगठी समोरच्या रेहलवर वाजली. रेहल म्हणजे पवित्र ग्रंथ ठेवायची लाकडी घोडी, आणि आयत म्हणजे त्या ग्रंथातलं वचन.

ठक.

साहेबांनी डोळे उघडले. चेहरा लालबुंद झाला होता. गोऱ्या माणसाचा राग लपत नाही, एवढी एक सोय असते.

हे साहेब मूळचे एडमंड हॅलम. जालन्याच्या मिशनातल्या हॅलम पाद्रींचे एकुलते एक चिरंजीव. बापाने सारा जन्म मराठवाड्यातल्या लोकांना ख्रिस्ताकडे बोलावण्यात घालवला, आणि घरातला पोरगा मात्र मशिदीत जाऊन कलमा पढून आला. त्यावर गाव काय काय म्हणालं असेल ते तुम्हीच ताडा.

पुढे इद्रीस साहेब कैरोला राहिले, अरबी शिकले, दाढी वाढवली आणि अल्लाहच्या कलामाचं इंग्रजी करायला बसले. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. काम पुरं झालं तेव्हा हैदराबादचे एक नवाब छापायला पुढे आले. त्यांची अट एकच होती. कुण्या जाणत्या हाफिजापुढे, म्हणजे सारा ग्रंथ तोंडपाठ असलेल्यापुढे, सबंध अरबी म्हणून दाखवा, त्याची मोहर आणा, मग यंत्राला कागद लावू. अट वाजवी होती. ज्याला मूळच नीट म्हणता येत नाही, त्याचं भाषांतर कुणी का वाचावं?

म्हणून साहेब कागजीपुऱ्यात आले. दौलताबादच्या किल्ल्याजवळचं हे गाव हाताने कागद करणाऱ्यांचं. घराघराच्या भिंतींवर ओले ताव वाळायला चिकटवलेले. गावात हाफिजही पिढीजात. त्यांतले हाफिज कमरुद्दीन सगळ्यांत म्हातारे, आणि सगळ्यांत खाष्ट.

दोघे आपसात बोलत ते मराठीत. साहेबांची उर्दू लखनवी पुस्तकांतली, हाफिजजींची अस्सल दख्खनी. पहिल्याच दिवशी साहेब दारात उभे राहून ‘मैं तशरीफ लाया हूँ’ म्हणाले. म्हणजे दुसऱ्याने द्यायचा मान स्वतःच स्वतःला देऊन मोकळे झाले. हाफिजजींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, तू मराठी बोल बाबा, माझ्या जिवाला ताप नको. साहेबांची मराठी जालन्याच्या आयाच्या कडेवर शिकलेली. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

हाफिजांच्या तालमीची एक रीत आहे. शागीर्द चुकला की उस्ताद चूक सांगत नाही. नुसतं ठक करतो. शागिर्दाने मागे फिरायचं, आपली चूक आपण हुडकायची आणि सुधारून पुन्हा म्हणायचं. लहानपणापासून ज्यांना या रीतीची सवय आहे ते कुरकुरत नाहीत. साहेबांना सवय नव्हती. त्यांना लहानपणापासून दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय होती.

दुसरी सूरत, म्हणजे दुसरा अध्याय, सगळ्यांत लांब, त्यांनी अशी म्हटली होती की अंगठी फारशी हललीच नाही. साहेबांना वाटलं, आता काय, घोडं गंगेत न्हालं. आणि तिसरीच्या सुरुवातीलाच गाडा रुतला.

आधी त्यांना वाटलं, घशातला ‘ऐन’ नीट निघत नाही. त्यांनी तो इतका खोलातून काढला की दारातली शेळी उठून उभी राहिली.

ठक.

मग वाटलं, ‘ख’ पुरेसा खरवडला जात नाही. तो खरवडला. मग लांबवायचे स्वर आणखी लांबवले, मग आखूड केले. प्रत्येक वेळी अंगठी त्याच जागी यायची, आणि हाफिजजी शेळीकडे नाही तर भिंतीवरच्या कागदांकडे बघत बसायचे.

त्या शेळीने एकदा घोटाळाही केला. साहेबांनी याच आयतीवर लांबलचक टिपा लिहिल्या होत्या, कोणत्या आलिमाने, म्हणजे धर्मपंडिताने, काय अर्थ लावला, कोण चूक, कोण बरोबर. ते ताव ओसरीवर ठेवून साहेब हातपाय धुऊन वजू करायला गेले आणि परत येईतो शेळीने टिपा संपवल्या होत्या. साहेब शेळीमागे धावले. हाफिजजी म्हणाले, राहू दे, तिला पचतंय म्हणजे लिहिलंस ते वाईट न्हाई.

साहेबांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्याच दुपारी जालन्याहून शांतवन मास्तर आले. मिशनच्या शाळेतले जुने मास्तर, साहेबांना एडी म्हणून खेळवलेले. त्यांनी चप्पल काढली, हाफिजजींना सलाम केला आणि ओसरीच्या कडेला बसले. पाणी प्यायल्यावर बोलले.

“पाद्रीबाबांनी अंथरूण धरलंय.”

साहेबांनी मास्तरांचा पेला पुन्हा पाण्यानं भरला.

“अन्न जात नाही. तुमचं नाव घेतात.”

“काय म्हणतात?”

“एडीला बोलवा म्हणतात. दुसरं काही नाही.”

साहेबांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. मग म्हणाले, त्यांना सांगा, मोहर झाली की त्याच पावली निघतो. रिकाम्या हातानं येणार नाही.

“मोहर कधी व्हायची?”

साहेबांनी हाफिजजींकडे पाहिलं. हाफिजजींनी शेळीकडे पाहिलं.

मास्तर हात जोडून उठले. जाताना दारात थबकले आणि एवढंच म्हणाले, की डॉक्टर म्हणतात लांबण लावू नका.

मास्तर गेले. बाहेर कागदासाठी चिंध्या कुटायच्या लाकडी हातोड्याचा धप धप आवाज तेवढा येत होता.

“बाप हाय तो तुझा?” हाफिजजींनी विचारलं.

“हो.”

हाफिजजींनी मास्तर गेले त्या वाटेकडे पाहिलं.

“फिरून म्हणू?” साहेबांनी विचारलं.

हाफिजजींनी अंगठी बोटात घट्ट बसवली. “म्हण,” ते म्हणाले.

या खेपेला अंगठी इतक्या जोरात वाजली की रेहलवर खोक पडली.

वाचणाऱ्याला इथे साहेबांचा राग येईल. मलाही येतो. गाडीत बसलं की अर्ध्या दिवसाची वाट, आणि हा बाबा ऐन खरवडत बसलाय. पण त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हॅलम पाद्री जालन्यात आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती आणि शुभवर्तमानाचं मराठी करायची मात्र भारी हौस. शिकले, पण बेताचं. लोकांना आशीर्वाद देताना ते हात वर करून म्हणायचे, देव तुम्हाला शांत करो. त्यांच्या मनात शांती असायची. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या मात्र पदर सावरून पळत सुटायच्या, कारण आपल्याकडे माणूस शांत झाला म्हणजे काय झालं ते सांगायला नको. कित्येक वर्षं पाद्रींना हे कुणी सांगितलं नाही. शेवटी सांगितलं ते एडीने. तेव्हा तो इतका लहान होता की पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नव्हते. पप्पा, तुम्ही सगळ्यांना मरा म्हणताय.

पाद्रींनी त्या दिवसापासून पोराला टेबलाशी बसवून घेतलं. एकेक वाक्य लिहायचं आणि पोराला वाचून दाखवायचं. हे बरं वाटतं का रे? पोरगा मान हलवायचा किंवा नाक मुरडायचा. नाक मुरडलं की बाप मुकाट्याने वाक्य खोडायचा. घरात एकच माणूस असा वाढला, की ज्याला सगळं कळतं.

तोच पोरगा मोठा होऊन एक दिवस येऊन म्हणाला, मी मुसलमान झालो. पाद्रींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एकच विचारलं. तुला कळलंय, की नुसता विश्वास बसलाय?

पोरगा म्हणाला, विश्वास तुमचा. मला कळलंय.

एवढं बोलून तो घराबाहेर पडला, तो पडलाच. मधल्या सगळ्या वर्षांत दोघांचं एक अक्षर बोलणं नाही. आता त्याला परत जायचं होतं ते छापायला निघालेलं पुस्तक हातात घेऊन, मोहरेसकट. बापाच्या समोर ठेवायचं आणि म्हणायचं, हे बघा, मला कळलंय. आणि बाप तिकडे घटका मोजत होता.

चार दिवसांनी साहेबांना चूक सापडली.

सापडली ती अगदी साधी. ओळीच्या डोक्यावर मुंगीएवढी मीम होती. मीम म्हणजे अरबीतला म. वाचणाऱ्यांसाठी ही खूण असते, की इथे थांबलंच पाहिजे, थांबला नाहीत तर अर्थ फिरतो. साहेबांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. पाहून पुढे गेले होते.

त्या आयतीत गूढ वचनांविषयी सांगितलंय. मीमपाशी थांबलं तर अर्थ होतो तो असा, की त्या वचनांचं खरं मर्म एका अल्लाहलाच ठाऊक. तिथे वाक्य मिटतं. मग नवं वाक्य सुरू होतं, की ज्ञानात मुरलेले लोक म्हणतात, आमचा यावर विश्वास आहे. आणि न थांबता एका दमात गेलं, तर ते मुरलेले लोक अल्लाहच्या पाठोपाठ मागच्याच वाक्यात येऊन बसतात. मर्म अल्लाहला ठाऊक, आणि त्यांनाही ठाऊक.

साहेबांचं इंग्रजी दुसऱ्या तऱ्हेचं होतं. शेळीने खाल्लेल्या टिपाही त्याच बाजूच्या.

ते तरातरा हाफिजजींपुढे येऊन बसले.

“मीमसाठी वाजवत होतात?”

हाफिजजींच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. चार दिवसांनी का होईना, घोडं पाण्याशी आलं होतं.

“सापडली व्हय?”

“मीम मागाहून माणसांनी घातली. मूळ कलामात खुणा नव्हत्या.”

“नव्हत्या.”

“मग?”

“नदीवरला पूल बी माणसांनीच घातलाय. पावसाळ्यात त्याच्यावरूनच येतोस ना?”

साहेब मागे हटले नाहीत. मोठमोठ्या आलिमांनी ही आयत न थांबता वाचलीय, असं म्हणून त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. हाफिजजींनी हात वर करून ती मधेच अडवली.

“मला ठाव हायत. वाचत्यात ते. त्यांच्यापाशी त्यांची कारणं हायत.”

“मग मी का नाही वाचायचं?”

“ते का थांबत न्हाईत, ते त्यांना इचारू. तू का थांबत न्हाईस?”

“दम पुरतो म्हणून.”

हे साहेबांच्या तोंडून निसटलं. खोटं नव्हतं. विलायतेत कॉलेजात असताना नदीत होड्या वल्हवून कमावलेली छाती होती ती. खुणा असतात त्या दम न पुरणाऱ्यांसाठी, असं त्यांना मनातून वाटत आलं होतं.

हाफिजजींना दमा होता. ते हसायला गेले आणि खोकले. खोकला बसायला वेळ लागला.

“मी दर चार शब्दाला थांबतो,” ते म्हणाले. “म्हणजे मी तुझ्याहून लई मोठा आलिम?”

साहेबांनी पुन्हा आलिमांची नावं घ्यायला तोंड उघडलं.

“खरं सांग.”

साहेबांनी शेळीकडे पाहिलं.

“खरं सांग, न्हाई तर ऊठ. मला जनावरांचं बघायचंय.”

साहेबांनी रेहलवरच्या त्या खोकेवरून बोट फिरवलं. बोलले तेव्हा त्यांचा तो खणखणीत आवाज नव्हता.

“तिथं थांबलो, तर मी त्या वाक्यात राहत नाही.”

हाफिजजी थोडे पुढे सरकून बसले.

“मग माझ्याकडं काय उरतं? आमचा विश्वास आहे, एवढंच. विश्वास तर घरीच होता, हाफिजजी. बापाकडं ढिगानं होता. तेवढ्यासाठी घर कशाला सोडलं मी?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. टेबल, खोडलेली वाक्यं, बापाचा तो प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर. मोहर मिळाली की जाऊन त्यांना सांगायचं होतं, की उत्तर खोटं नव्हतं.

हाफिजजींनी ग्रंथ मिटला. कपड्यात गुंडाळला, डोळ्यांना लावला, कोनाड्यात ठेवला. रेहलची घडी घातली.

“जालन्याला जा,” ते म्हणाले.

“मोहर?”

हाफिजजींनी आधी वर आढ्याकडे पाहिलं, मग शेळीकडे. जणू त्या दोघांपैकी कुणीतरी या माणसाला आवरेल.

“मी एवढा वेळ कुणाशी बोलायलोय?” त्यांनी शेळीला विचारलं.

“एवढं एक सांगा, थांबून म्हटलं तर मोहर द्याल ना?”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. हाफिजजी उठले. कंबर धरून, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

साहेब थोडा वेळ त्या दाराशी बोलले. दाराने उत्तर दिलं नाही. मग त्यांनी कागदांचं बोचकं बांधलं आणि पाय आपटत दौलताबाद स्टेशनची वाट धरली.

जालन्याला काय झालं ते शांतवन मास्तर पुढे सांगत असत.

पाद्रीबाबांची खाट व्हरांड्यात होती. माणूस नुसता हाडांचा सापळा झालेला, पण डोळे तेच निळे. मुलगा दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी ओळखलं, पण हाक मारली नाही. हाताने खाटेजवळची खुर्ची दाखवली.

बापलेक इंग्रजीत बोलले असतील असं कुणालाही वाटेल. मास्तर म्हणायचे, मराठीतच बोलले. इंग्रजीत त्यांचं भांडण झालं होतं.

आधी दोघांना विषयच सापडेना. ऊन फार आहे, विहिरीचं पाणी खाली गेलंय, शांतवनला नातू झाला. मग पाद्रींनी बोचक्याकडे बोट केलं आणि म्हणाले, वाच.

“अजून पुरं नाही. मोहर राहिलीय.”

“वाच.”

साहेब वाचत गेले. पाद्री डोळे मिटून ऐकत होते. कुठे मान हलवत, कुठे नाक मुरडत. टेबलाच्या दोन बाजूंची माणसं तेवढी बदलली होती. वाचता वाचता ती आयत आली. साहेबांनी आपलं इंग्रजी एका दमात वाचलं. मर्म ठाऊक आहे अल्लाहला, आणि ज्ञानात मुरलेल्यांना.

पाद्रींनी डोळे उघडले.

“त्यांच्यातला तू आहेस?”

विचारण्यात टोमणा नव्हता. मास्तर शपथेवर सांगायचे, की अजिबात नव्हता. म्हाताऱ्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मरायला टेकलेल्या माणसासमोर कळलेला माणूस बसलेला असेल, तर त्याला विचारून घ्यावं, एवढाच हेतू.

साहेबांनी श्वास घेतला. उत्तर तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. छाती भरलेली तशीच राहिली.

“...नाही,” ते म्हणाले.

पाद्रींच्या ओठांचे कोपरे हलले.

“मी पण नाही,” ते म्हणाले. “पुष्कळ ठिकाणी मला कळलं नव्हतं. तसंच छापलं.”

आणि ते हसले. हसताना खोकला लागला. साहेबांनी त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली. त्या संध्याकाळी पाद्रींनी वाटीभर पेज घेतली, मुलाच्या हातून. मास्तरांच्या बायकोने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, कारण कित्येक दिवसांत पोटात अन्न म्हणून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इद्रीस साहेब कागजीपुऱ्यात हजर.

अंगावर गाडीचा कोळसा, डोळ्यांना झोप नाही, आणि चेहरा मात्र सणासुदीचा. हाफिजजी ओसरीवर बसले होते. त्यांनी शागिर्दाला येताना पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. का ते साहेबांना कळलं नाही. त्यांनी सलाम केला, वजू करून आले, रेहल मांडली आणि काही न विचारता सुरुवात केली.

आयत आली. अर्धी झाली. अल्लाहचं नाव आलं, वर मुंगीएवढी मीम.

साहेब थांबले.

दम होता. छाती भरलेली दिसत होती, आणखी दोन ओळी सहज गेल्या असत्या. ते थांबले आणि थांबून राहिले. बाहेर हातोड्याचा धप धप आवाज आला, गेला, पुन्हा आला.

अंगठी वाजली नाही.

मग साहेबांनी नवा श्वास घेतला आणि हलक्या आवाजात पुढचं म्हटलं. ज्ञानात मुरलेले लोक काय म्हणतात ते. आयत पुरी झाली.

हाफिजजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत. ते आत गेले आणि पितळेची एक पेटी घेऊन आले. पेटीतून मोहर काढली, शाईची गादी काढली. साहेबांनी घाईघाईने कागद पुढे सरकवला. सबंध म्हणणं अजून व्हायचं होतं, पण जो इथे थांबला तो पुढेही थांबेल, असं हाफिजजी म्हणाले.

“कुणी शिकवलं?”

“वडलांनी.”

साहेबांनी व्हरांड्यातला तो प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं, बापाचंही सांगितलं. हाफिजजी ऐकता ऐकता मोहर शाईवर दाबत होते.

“बरा हाय आता?”

“खाटेवरच आहेत. पण काल पेज घेतली. माझ्या हातून.”

“अल्लाहचं करणं.” मोहर शाईवरून उठली. कागदाच्या वर आली. “निघताना काय म्हणला?”

“म्हणाले, थांब.”

मोहर हवेत राहिली.

“मग?”

“मी म्हटलं, आलोच. मोहर घेतो आणि लगेच...” साहेबांनी हाफिजजींकडे पाहिलं. “पहाटेची गाडी होती. तेव्हा पुन्हा म्हणाले...”

“काय?”

“थांब म्हणाले.”

साहेबांचं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं.

हाफिजजींनी मोहर कागदाला लावली नाही. फडक्याने तिची शाई पुसली, हळूहळू, कडा धरून. मोहर पेटीत ठेवली. पेटी मिटली.

मग रेहलवर अंगठी वाजली.

ठक.

आणि त्याच बोटाने त्यांनी दाराबाहेरची स्टेशनची वाट दाखवली.

“फिरून,” हाफिजजी म्हणाले.